दिवाणखान्यात आणलेला समुद्र

२१ सप्टेंबर १८४९. लंडनच्या हॅकनी भागातल्या एका साध्या घरात त्या दिवशी दोन पाहुणे आले. घरच्या बाईंना मुलगा झाला आणि दूरच्या जमैका बेटावरून हिरव्या रंगाच्या पाकोळीचा एक दुर्मीळ नमुना येऊन पोचला. घरच्या गृहस्थाने रोजनिशी उघडली आणि दोन्ही बातम्या एकापाठोपाठ एक, सारख्याच थोडक्यात, टिपून ठेवल्या. पुढे हा मुलगा इंग्लंडमधला नामवंत साहित्यिक झाला. त्या नोंदीवरून बापाला पक्ष्याचे कौतुक जास्त होते असे कुणी समजू नये, असे त्याने आवर्जून लिहून ठेवले आहे. मुलगा आधी आला आणि पक्षी दिवसा उशिरा आला, म्हणून नोंदीतही मुलगा आधी आणि पक्षी नंतर, एवढाच त्याचा अर्थ. बाप अचूकपणाचा भोक्ता होता.

या बापाचे नाव फिलिप हेन्री गॉस. आज आपल्याकडे हे नाव फारसे कुणाला ठाऊक नाही. पण आपल्या दिवाणखान्याच्या कोपऱ्यात जी काचेची पेटी असते, ज्यात गप्पी आणि गोल्डफिश फिरत असतात आणि जिच्यासमोर घरातले लहान मूल जेवणाचा घास तोंडात तसाच ठेवून उभे राहते, त्या पेटीला आपण ॲक्वेरियम म्हणतो ते या माणसामुळे. घरच्या घरी पाण्यातले जीव निरोगी कसे ठेवायचे, हे सर्वसामान्यांना समजेल अशा भाषेत पहिल्यांदा सांगितले ते त्याने. आणि या छंदाची किंमत काय असते, हे पाहण्याचे दुर्दैवही त्याच्याच वाट्याला आले.

गॉसचा जन्म ६ एप्रिल १८१० चा, इंग्लंडमधल्या वूस्टर गावचा. वडील थॉमस हे चिमुकली व्यक्तिचित्रे काढणारे फिरते चित्रकार. आज या गावात तर उद्या त्या गावात, अशी त्यांची पायपीट चाले, आणि मिळकत मात्र बेताची. आई हॅना विवाहापूर्वी एका घरी चाकरीला होती. संसार ओढला तो तिनेच. कुटुंब पूल या बंदरगावात स्थिरावले आणि फिलिपचे बालपण समुद्रकाठी गेले. ओहोटीला खडकांत साचणारी डबकी हीच त्याची शाळा. त्याला एक आत्या होती, सुझन बेल. तिला निसर्गाची जाण होती. खडकाला चिकटलेली समुद्रपुष्पे तिने त्याला ओळखायला शिकवली. दिसायला फूल, पण खरे पाहता ते मासळीचे मांस खाणारे प्राणीच. समुद्राच्या पाण्याने भरलेल्या भांड्यात ती घरी आणून ठेवता येतात, हेही तिनेच सांगितले. पोराने तसे करून पाहिले. ती भांडी काही फार दिवस टिकली नसणार. पण बी तिथेच पडले.

घरची ओढग्रस्त अशी की शिक्षण लवकर थांबले. १८२७ साली, सतराव्या वर्षी, तो अटलांटिक ओलांडून न्यूफाउंडलंडमधल्या कार्बोनियर या बंदरात एका व्यापारी पेढीवर कारकून म्हणून गेला. तिथे त्याने आठ वर्षे हिशेबाच्या वह्या लिहिल्या. १८३२ साली सूक्ष्मदर्शकावरचे एक जुने पुस्तक त्याला विकत मिळाले आणि त्याचे आयुष्य पालटले. पेढीचे काम संपले की तो किडे गोळा करी आणि त्यांची चित्रे काढी. चिमुकल्या चौकटीत बारकावे भरण्याची वडिलांची विद्या आता मुलाच्या बोटांत उतरली होती. याच वर्षी त्याच्या मनाने धर्माचीही घट्ट कास धरली. निसर्ग आणि ईश्वर या दोन निष्ठा त्याने मरेपर्यंत सोडल्या नाहीत. त्याच्या आयुष्यातले बहुतेक सुख आणि बहुतेक दुःख या दोहोंच्या जोडीतूनच आले.

१८३५ साली त्याने कॅनडात शेती घेतली. तीन वर्षे राबूनही ती फसली. १८३८ साली तो दक्षिण अमेरिकी संस्थानांपैकी अलाबामात मळेवाल्यांची मुले शिकवायला गेला. तिथली फुलपाखरे त्याला आवडली, पण गुलामांचे हाल बघवेनात. १८३९ साली तो रिकाम्या खिशाने मायदेशी परतला. सोबत होते ते एक हस्तलिखित, जहाजावरच्या प्रवासात लिहून काढलेले. १८४० साली ते ‘द कॅनेडियन नॅचरलिस्ट’ या नावाने छापून आले आणि कारकून, शेतकरी, मास्तर अशी वळणे घेत आलेला हा माणूस तिसाव्या वर्षी लेखक झाला. पुढे १८४४ पासून दीड वर्ष तो जमैकात पक्षी आणि इतर जीव गोळा करत राहिला. तिथल्या पक्ष्यांवरचे त्याचे पुस्तक १८४७ साली आले. दुसऱ्या वर्षी त्याने एमिली बाऊझशी लग्न केले. ती त्याच्याच पंथातली, त्याच्यापेक्षा चार वर्षांनी मोठी आणि स्वतः धार्मिक पुस्तिका लिहिणारी होती. मुलगा झाला, त्याचे नाव एडमंड ठेवले.

रात्रंदिवस लेखन आणि सूक्ष्मदर्शक यांमुळे गॉसची प्रकृती ढासळली. समुद्राच्या हवेचा सल्ला मिळाला आणि जानेवारी १८५२ मध्ये हे तिघे डेव्हनच्या किनाऱ्यावर राहायला गेले. विश्रांतीसाठी गेलेला माणूस दुसऱ्या दिवसापासून छिन्नी, हातोडा आणि बरण्यांची टोपली घेऊन ओहोटीच्या वेळी गुडघाभर पाण्यात उभा राहू लागला. खडकाला चिकटलेला जीव ओरबाडून काढला तर तो मरतो. म्हणून तो त्याच्याखालचा खडकाचा तुकडाच अलगद फोडून घेई. घरी आणलेल्या बरण्या खिडकीत मांडल्या जात.

आता प्रश्न असा होता की बरणीतला जीव दोन-तीन दिवसांत मरतो, त्याचे काय करायचे? हा प्रश्न त्या काळी अनेकांना पडला होता. सिसिलीतल्या मेसिना इथे जान व्हिलप्रू-पॉवर या बाईंनी १८३० च्या दशकातच काचेच्या पेट्या बनवून त्यांत समुद्री जीव अभ्यासले होते. लंडनमध्ये ॲना थिन या बाई १८४६ पासून प्रवाळ पाळत होत्या. पाण्याला हवा मिळावी म्हणून त्यांची मोलकरीण उघड्या खिडकीपाशी उभी राहून ते एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतत बसे. रॉबर्ट वॉरिंग्टन नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने १८५० साली गोड्या पाण्यात वेगळाच प्रयोग केला. दोन गोल्डफिश आणि एक पाणवनस्पती त्याने एकत्र ठेवली. वनस्पतीची पाने कुजून पाणी गढूळ झाले, तेव्हा त्यात गोगलगायी सोडल्या. गोगलगायींनी कुजकी पाने खाल्ली आणि पाणी पुन्हा नितळ झाले. गॉसने हेच खाऱ्या पाण्यात, समुद्रशेवाळ घेऊन, स्वतंत्रपणे साधले. श्रेय कुणाचे यावरून दोघांत थोडी बोलाचाली झाली, पण ती फार ताणली गेली नाही.

तत्त्व साधे होते. प्राणी श्वासावाटे जो वायू सोडतात तो वनस्पतींना लागतो. वनस्पती उजेडात जो प्राणवायू सोडतात तो प्राण्यांना लागतो. दोघांचे प्रमाण जुळले तर पाणी बदलत बसावे लागत नाही. पण तत्त्व सांगणे वेगळे आणि पेटी टिकवणे वेगळे. गॉसचे मोठेपण हे की त्याने रोजच्या व्यवहारातले बारकावे सांगितले. आधी शेवाळ रुजू द्या, जीव मागाहून सोडा. दांडगे तपकिरी शेवाळ आणू नका, ते लवकर सडते. नाजूक लाल आणि हिरव्या जाती घ्या. ऊन हवे, पण एका बाजूने सावली हवीच. पाण्याची पातळी खुणेने आखून ठेवा. पाण्याची वाफ होते, मिठाची होत नाही, म्हणून कमी झालेली भर गोड्या पाण्याने करा. काचेवर साचणारा हिरवा थर खायला समुद्रातल्या छोट्या गोगलगायी ठेवा. मेलेला जीव दिसताक्षणी बाहेर काढा, नाहीतर तो बाकीच्यांना घेऊन जाईल. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे गर्दी करू नका.

आज आपल्याला ठाऊक आहे की या समतोलात एक अदृश्य तिसरा भागीदारही असतो. वाळूत आणि दगडांवर वाढणारे जिवाणू प्राण्यांच्या मलमूत्रातून तयार होणारे विषारी अमोनिया टप्प्याटप्प्याने निरुपद्रवी नायट्रेटमध्ये बदलतात. हे गॉसच्या काळी कुणालाच माहीत नव्हते. पण नवी पेटी काही काळ मुरू द्यावी, घाई करू नये, हा त्याचा सल्ला नकळत याच कारणाने बरोबर होता. नवी टाकी आणून त्याच संध्याकाळी डझनभर मासे सोडणाऱ्या आणि आठवड्याने रडणाऱ्या आपल्या मुलांनाही तो तितकाच लागू आहे.

मे १८५३ मध्ये लंडनच्या रीजेंट्स पार्कमधल्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यगृह सुरू झाले. असे ते जगातले पहिलेच सार्वजनिक मत्स्यालय. तिथल्या समुद्री जिवांपैकी पुष्कळसे गॉसने गोळा करून दिलेले होते. पुढच्या वर्षी, १८५४ मध्ये, त्याचे ‘द ॲक्वेरियम’ हे पुस्तक आले. वनस्पतिशास्त्रज्ञ पाणवनस्पतींच्या हौदासाठी हा शब्द क्वचित वापरत. गॉसने तो जिवंत जलचरांच्या पेटीला दिला आणि जगाने तो उचलला. पुस्तकातली रंगीत चित्रे त्याने स्वतः काढलेली होती. समुद्राच्या पोटात काय असते हे किनाऱ्यावर राहणाऱ्यांनीही तोवर असे पाहिले नव्हते. त्याच वर्षी त्याने चार क्षार पाण्यात मिसळून कृत्रिम समुद्रजल करण्याची रीतही प्रसिद्ध केली. आता समुद्रापासून शंभर मैलांवरच्या माणसालाही समुद्रपुष्प पाळता येणार होते.

मग जे झाले ते विलक्षण होते. काचेवरचा कर १८४५ सालीच उठला होता, त्यामुळे काच स्वस्त झाली होती. रेल्वे किनाऱ्याला पोचली होती. घरोघरी पेट्या आल्या. लंडनमध्ये पाण्यासकट जिवंत जलचर विकणारे दुकान निघाले. ज्यांना खाऱ्या पाण्याचा खटाटोप नको त्यांनी गावच्या तळ्यातून काटेरी पाठीचे छोटे मासे, पाणकिडे, गोगलगायी आणि न्यूट आणले. न्यूट म्हणजे बेडकाचा चुलतभाऊ. दिसायला पालीसारखा, पण खवले नसलेला, मऊ ओल्या कातडीचा. वसंतात त्याच्या नराच्या पाठीवर तुरा उभा राहतो. मुलांना तो फार आवडे. गॉस स्वतः किनाऱ्यावर वर्ग घेऊ लागला. स्त्रिया, पाद्री, शाळकरी मुले त्याच्यामागून खडकांतून फिरत. १८५६ साली रॉयल सोसायटीने त्याला सदस्यत्व दिले. शाळा अर्धवट सोडलेल्या कारकुनाचा याहून मोठा मान काय व्हायचा?

पण याच १८५६ साली एमिलीला स्तनाचा कर्करोग झाल्याचे कळले. शस्त्रक्रियेऐवजी त्या वेळी नव्या म्हणून गाजत असलेल्या मलमाचा उपचार त्यांनी निवडला. तो महिनोन् महिने चालला आणि अतिशय वेदनादायक ठरला. उपचाराच्या जागी राहता यावे म्हणून एमिली आणि एडमंड लंडनमध्ये भाड्याच्या खोल्यांत राहिले. सहा-सात वर्षांचा एडमंड आईच्या उशाशी बसून तिला वाचून दाखवी. फेब्रुवारी १८५७ मध्ये ती गेली.

त्याच वर्षी गॉसने आयुष्यातले सर्वांत धाडसी आणि सर्वांत अपयशी पुस्तक लिहिले, ‘ओम्फॅलॉस’. हा ग्रीक शब्द, अर्थ नाभी. खडकांतले जीवाश्म सांगत होते की पृथ्वी अतिप्राचीन आहे. धर्मग्रंथ सांगत होता की ती थोड्याच दिवसांत निर्माण झाली. दोन्हींवर श्रद्धा असलेल्या या माणसाने तोड काढली. ईश्वराने सृष्टी घडवली ती चालू अवस्थेतच घडवली. पहिल्या माणसाला आई नव्हती तरी नाभी होती, पहिल्या झाडाच्या बुंध्यात वर्षांची कडी होती, तसेच खडकांत जीवाश्मही होते. आपण विज्ञान आणि धर्म यांचे भांडण मिटवले, असे त्याला वाटले. शास्त्रज्ञ हसले. धार्मिक लोक चिडले, कारण याचा अर्थ ईश्वराने खडकांत खोटा पुरावा पेरला असा होत होता. त्याचा चाहता असलेला लेखक चार्ल्स किंग्जलीही हे पटवून घेऊ शकला नाही. प्रती पडून राहिल्या आणि बहुतेक रद्दीत गेल्या. दोन वर्षांनी, १८५९ मध्ये, डार्विनचा ग्रंथ आला आणि वाद कायमचा वेगळ्या वाटेने गेला. समुद्रपुष्पाच्या एकेका तंतूची मोजदाद करणाऱ्या माणसाला आपल्याच युक्तिवादातली भेग दिसू नये, हे आश्चर्य खरे. पण नुकत्याच गेलेल्या पत्नीची श्रद्धा आणि स्वतःचे डोळे यांपैकी कशालाच खोटे ठरवणे त्याला शक्य नव्हते, हेही ध्यानात घेतले पाहिजे.

गॉस मुलाला घेऊन डेव्हनमधल्या सेंट मेरीचर्च इथे कायमचा राहायला गेला. दुःखावर त्याने पुन्हा किनाऱ्याचेच औषध शोधले. बापलेक ओहोटी साधून बाहेर पडत, थंड पाण्यात उभे राहून डबकी न्याहाळत. या फेऱ्यांतून ब्रिटनमधल्या समुद्रपुष्पांवरचा त्याचा मोठा सचित्र ग्रंथ १८५८ ते १८६० या काळात तयार झाला. १८६० साली त्याने एलायझा ब्राइटवेनशी दुसरे लग्न केले. तिने या उदास घरात पुन्हा ऊब आणली.

पण किनारा आता पूर्वीचा राहिला नव्हता. गॉसची पुस्तके हातात घेऊन हौशी लोकांच्या झुंडी ओहोटीची वाट पाहत उभ्या राहत. त्याने छिन्नी अलगद चालवायला सांगितले होते. यांना अलगदपणाला वेळ नव्हता. त्याने गर्दी करू नका म्हटले होते. यांनी बादल्या भरभरून नेल्या. घरच्या पेटीत आठवड्याभरात दुर्गंधी सुटे, पाणी फेकले जाई आणि पुढच्या सुट्टीत पुन्हा बादली भरली जाई. १८६० चे दशक सरता सरता ही हौस ओसरली, पेट्या माळ्यावर गेल्या. पण हजारो वर्षे कुणी हात न लावलेली खडकांतली डबकी तोवर ओस पडली होती. एडमंडने पुढे १९०७ साली ‘फादर अँड सन’ या आत्मकथनात लिहून ठेवले आहे की बालपणी आपण पाहिलेला तो किनारा पुन्हा कुणाला दिसणार नाही आणि या नाशाला आपलीच पुस्तके कारण झाली या जाणिवेने वडिलांना अतोनात यातना झाल्या. ईश्वराची करणी जगाला दाखवावी म्हणून त्याने दार उघडले, आणि त्याच दारातून लूट झाली.

उतारवयात गॉस समुद्रपुष्पांकडून ऑर्किडकडे आणि सूक्ष्म जलचरांकडे वळला. डोळ्याला दुर्बीण नि सूक्ष्मदर्शक शेवटपर्यंत होते. २३ ऑगस्ट १८८८ रोजी तो वारला. नास्तिकतेकडे झुकलेला मुलगा आणि श्रद्धेला घट्ट धरून बसलेला बाप यांच्यातले अंतर तोवर बुजले नव्हते. पण त्या मुलानेच १८९० साली त्याचे चरित्र लिहिले.

गॉसच्या यातनेची ही गोष्ट दीडशे वर्षांपूर्वीची म्हणून सोडून देता येत नाही. त्या काळी मुलांनी तळ्यांतून बरणीत भरून आणलेल्या न्यूटच्या वंशजांपैकी मोठ्या तुऱ्याच्या न्यूटला आज ब्रिटनमध्ये कायद्याचे संरक्षण आहे. परवान्यावाचून तो पकडता येत नाही. नेदरलँड्समध्ये त्याच कुळातला काळा-पिवळा सॅलमँडर २०१० नंतर अवघ्या काही वर्षांत शंभरातले जेमतेम चार इतका उरला. कारण होती एक बुरशी, जी त्याची कातडी पोखरते. २०१३ साली तिचा शोध लागला, आणि मग ध्यानात आले की ती मूळची आशियातली. पाळण्यासाठी विकल्या जाणाऱ्या जिवांबरोबर ती युरोपात आली असावी. २०१६ साली अमेरिकेने सॅलमँडरच्या २०१ जातींच्या आयातीवर बंदी घातली. आपल्याकडेही न्यूट आहे, पूर्व हिमालयात, दार्जिलिंगच्या बाजूला. तो तिथल्याच थंड पाण्यासाठी आहे आणि त्याला पकडायला कायद्याने मनाई आहे.

म्हणून ज्या देशांत न्यूट पाळण्याची रीत आहे, तिथले जाणते लोक आज पहिला प्रश्न विचारतात तो जीव किती सुंदर आहे हा नव्हे, तर तो कुठून आला हा. तळ्यातून पकडलेला नको, पाळीव जोडीच्या पोटी जन्मलेला हवा. मग बघायचे ते अंग भरलेले आहे का, डोळे स्वच्छ आहेत का, कातडीवर जखम किंवा पांढरा डाग नाही ना, खाण्यावर झडप घालतो का. एकाच पेटीतला एक जरी आजारी दिसला तरी बाकीचेही घ्यायचे नाहीत. घरी आणल्यावर काही आठवडे वेगळा ठेवायचा आणि त्याच्या पेटीतले पाणी कधी ओढ्यात किंवा तळ्यात ओतायचे नाही. बहुतेक न्यूटना १६ ते २० अंश सेल्सिअसचे पाणी मानवते. आपल्या कोकणातल्या किंवा मुंबईतल्या उन्हाळ्यात हे पाणी सहज तिशीच्या आसपास जाते. तिथे हौसेला आवर घालणे हीच माया.

१९५१ साली मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर सुरू झालेले तारापोरवाला मत्स्यालय आपल्या कित्येक पिढ्यांनी आईवडिलांचे बोट धरून पाहिले. काचेला नाक लावून उभे राहिलेल्या त्या प्रत्येक पोराच्या डोळ्यांत पूलच्या किनाऱ्यावरचा लहानगा गॉस होता. ते कुतूहल मुलांना जरूर द्यावे. आपल्या घरच्या काचेच्या पेटीपुढेही त्यांना तासन् तास उभे राहू द्यावे. फक्त त्यांच्या शेजारी उभे राहून एवढे सांगावे की या माशाचेही कुठेतरी एक घर होते.